धागा तुटला की माग थांबला पाहिजे

बाबा 2019 च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे नागोयाला आले होते. मी त्यांना किल्ला दाखवला, आत्सुताचं देऊळ दाखवलं, बुलेट ट्रेनमध्ये बसवलं. पण ते खरे रमले ते टोयोटाच्या स्मारक संग्रहालयात. लाल विटांची ही वास्तू जिथे उभी आहे तिथे पूर्वी टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची तोयोदा यांचा कापडाचा कारखाना होता. त्यामुळे आत गेल्यावर मोटारींच्या आधी माग भेटतात. बाबांनी इचलकरंजीत बत्तीस वर्षं माग चालवले आहेत, एका पाळीला सहा-सहा. खडखडाट कानावर पडला तशी त्यांची चाल बदलली.

तिथल्या मुलीने 1924 सालचा 'जी' मॉडेलचा स्वयंचलित माग चालू केला. थोडा वेळ कापड विणू दिलं, मग कात्री घेऊन हजारभर उभ्या धाग्यांतला एक धागा कापला. त्या धाग्यावर लटकलेली बारीक पत्र्याची पट्टी खाली पडली आणि माग जागच्या जागी थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी वाकून ती पट्टी निरखून पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "तिला विचार, माग थांबला तेवढ्या वेळची मजुरी कोण देत होतं?"

मी प्रश्न जपानीत सांगितला. ती गोंधळली, मग अदबीने म्हणाली की हे तिला कुणी कधी विचारलेलं नाही.

इचलकरंजीत मजुरी मीटरवर असते, कापड किती पिकाचं, म्हणजे इंचात किती आडवे धागे, त्यावर दर ठरतो. साध्या मागावर आडवा धागा संपला किंवा तुटला तर माग थांबायची सोय असते, पण उभा धागा तुटला तर माग तसाच पुढे चालत राहतो आणि कापडात रेघ पडत जाते. ती दिसली की कामगाराने माग थांबवून धागा जोडायचा. थांबवला तर मीटर कमी, म्हणजे आठवड्याच्या पगारात खड्डा. नाही थांबवला तर घडी करताना दोष सापडतो आणि मजुरी कापली जाते, पण सापडला तर. या 'सापडला तर'वर आमच्याकडच्या कितीतरी घरांचा महिन्याचा हिशेब बसलेला असायचा. बाबा प्रामाणिक माणूस आहेत. तरीही कधी कधी रेघ दिसत असताना आपण माग चालू ठेवला, असं त्यांनी मला त्या दिवशी ट्रेनमध्ये सांगितलं. खिडकीबाहेर बघत सांगितलं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण गावाकडची चर्चा. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरला सुमारे 20,000 कोटींचा कारखाना उभारण्याचा करार महाराष्ट्र सरकारशी केला. तेव्हापासून आमच्या शाळेच्या आणि नातेवाइकांच्या दोन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते, आता जपानी शिस्त येणार, पोरं सुधारतील. दुसरी म्हणते, काही होत नाही, 'चालतंय की' आपल्या रक्तात आहे, जपानी माणूस जात्याच वेगळा. मी गेली चौदा वर्षं आइची प्रांतात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात काम करतो, म्हणून मला दर वेळी साक्षीला बोलावतात. माझी साक्ष दोन्ही बाजूंच्या विरुद्ध आहे. दोघंही दर्जा रक्तात शोधतात. मी तो रक्तात कधी पाहिला नाही. मजुरीचा हिशेब कसा आहे आणि थांबायचा हक्क कुणाला आहे, यात पाहिला.

जपानी मालाचं नाव मुळात मोठं नव्हतंच. 1930 च्या दशकात स्वस्त जपानी कापडाने मुंबईच्या गिरण्या इतक्या हैराण झाल्या होत्या की 1933 साली त्यावर 75 टक्के जकात बसली. आमच्या आजोबांच्या पिढीत 'जपानी' म्हणजे स्वस्त आणि तकलादू. टोयोटाचीही सुरुवात काही दिमाखदार नाही. साकिचींनी मागाचं पेटंट इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला 1929 साली 1 लाख पौंडांना दिलं. मुलगा किइचिरो यांनी मोटारींचा ध्यास घेतला आणि 1937 साली स्वतंत्र मोटार कंपनी निघाली. 1957 साली त्यांनी क्राउन गाडी मोठ्या उमेदीने अमेरिकेत नेली. तिथल्या महामार्गांच्या वेगावर ती थरथरायची, तापायची. काही वर्षांत निर्यात थांबवावी लागली.

रक्त तेच होतं. तेव्हाही जपानीच होतं.

मग बदललं काय? याचं उत्तर शोधताना लोक लगेच कायझेन (रोज थोडी थोडी सुधारणा), कानबान (लागेल तेवढाच माल मागवायची चिठ्ठी) वगैरे शब्दांकडे वळतात. मला 1950 साल महत्त्वाचं वाटतं. युद्धानंतरच्या मंदीत टोयोटा बुडायच्या बेतात होती. पगार थकले, कामगारांनी मोठा संप केला, दोन हजारांच्या आसपास लोकांना घरी जावं लागलं. त्याची जबाबदारी घेऊन किइचिरो यांनी स्वतः राजीनामा दिला. लगेचच कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याला ट्रक हवे होते, त्या मागणीवर कंपनी तरली. पण त्या संपाची धास्ती कंपनीच्या मनात कायमची बसली. त्यानंतरच्या दशकांत कायम कामगाराला सहसा काढायचं नाही, या पायावर कंपनी आणि संघटना यांचं नातं उभं राहिलं.

त्या पायावर टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओहनो यांनी साकिचींचा माग माणसांच्या रांगेवर आणला. चूक दिसली की लाईनवरच्या कुठल्याही माणसाने डोक्यावरचा दोर ओढायचा. वर फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो. त्या फलकाला 'आंदोन' म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ कागदी कंदील. एक धून वाजते, गटाचा प्रमुख, म्हणजे हानचो, धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत सरकायच्या आत दोघांनी मिळून दोष काढला तर लाईन चालू राहते, नाही तर थांबते. दिवसभरात असे दोर कितीतरी वेळा ओढले जातात. लाईन थांबवली म्हणून ज्याची नोकरी जात नाही आणि ज्याच्या पगारातून मीटर कमी होत नाहीत, तोच माणूस हे करू शकतो.

माझं स्वतःचं सांगतो. इथे आल्यावर पहिले तीन महिने मलाही लाईनवर उभं केलं होतं. एके सकाळी दाराच्या बिजागरीच्या तुकड्यांवर भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची उरलेली धारदार कड, दिसली. केसाएवढी. आठ तुकडे तसेच गेले, मी पाहत राहिलो. जेवणाच्या सुट्टीत हानचोला जाऊन सांगितलं. तो ओरडला नाही. त्याने भरलेली खोकी परत आणवली आणि आम्ही चौघांनी चारशे तुकडे बोट फिरवून तपासले, संध्याकाळपर्यंत. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "दोर हाताशी होता. का नाही ओढलास?" जपानीत मला उत्तर सुचलं नाही. मराठीत होतं. ज्या घरात मी वाढलो तिथे यंत्र थांबणं म्हणजे उणं, आणि ते हाताला शिकवायला कुणाला शब्द वापरावे लागले नव्हते.

'आपल्या माणसाला जमणार नाही' म्हणणाऱ्यांना मी नेहमी कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटची गोष्ट सांगतो. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना 1982 साली बंद पडला. संप, दारू, मनमानी गैरहजेरी यांसाठी तो बदनाम होता. दोन वर्षांनी टोयोटाने जीएमबरोबर भागीदारीत, नुम्मी या नावाने तो पुन्हा उघडला आणि बहुतेक कामगार जुनेच घेतले, त्याच संघटनेचे. त्यांना आधी जपानमधल्या ताकाओकाच्या कारखान्यात शिकायला आणलं, दोर दिला आणि सहजासहजी कपात करणार नाही असा शब्द दिला. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या तोडीला आला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मागणी घटली तेव्हाही कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवलं. तीच माणसं, तीच जागा.

आता 'जपानी शिस्त येणार' म्हणणाऱ्यांशी बोलायचं आहे, आणि हे लिहिताना मला जास्त जड जातं, कारण या देशाने मला पोसलं आहे.

2002 साली टोयोटाच्या त्सुत्सुमी कारखान्यात 30 वर्षांचा एक कामगार पहाटे कोसळून गेला. शेवटच्या महिन्यात त्याने शंभराहून अधिक तास जादा काम केलं होतं. गुणवत्ता मंडळाच्या, म्हणजे दर्जा सुधारायला कामगारांनी मिळून घ्यायच्या, बैठका 'स्वेच्छेच्या', म्हणून त्या कामात धरायच्या नाहीत असं सरकारी कार्यालयाचं म्हणणं होतं. त्याच्या पत्नीने लढा दिला आणि 2007 साली नागोया जिल्हा न्यायालयाने तेही कामच होतं असं ठरवून मृत्यूचं कारण अतिश्रम मानलं. कायझेनची पुस्तकं आपल्याकडे ढिगाने विकली जातात. हा निकालही त्यांच्याबरोबर वाचला गेला पाहिजे.

आणि दाइहात्सु. टोयोटाच्या संपूर्ण मालकीची ही कंपनी. डिसेंबर 2023 मध्ये स्वतंत्र समितीने अहवाल दिला: गाड्यांच्या सुरक्षा चाचण्यांत 174 गैरप्रकार, 64 मॉडेल, आणि सर्वांत जुनं प्रकरण 1989 चं. कंपनीने सगळ्या गाड्यांची रवानगी थांबवली, कारखाने काही काळ बंद राहिले. समितीने कारण सांगितलं ते मला बाबांच्या मागापाशी घेऊन गेलं. नवी गाडी काढायची मुदत अतोनात आवळलेली, चाचणीत नापास व्हायला वेळच ठेवलेला नाही, आणि 'हे जमणार नाही' असं वर सांगायची सोय नाही. लाईनवर दोर होता, चाचणीच्या खोलीत नव्हता. तिथल्या सुशिक्षित जपानी इंजिनिअरांनी तेच केलं जे इचलकरंजीतला खर्चीवाल्याचा, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या मागमालकाचा, कामगार करतो. रेघ दिसली आणि माग चालू ठेवला. त्याआधी 2022 मध्ये टोयोटाच्याच समूहातल्या हिनो या ट्रक कंपनीचे इंजिनांचे आकडे खोटे निघाले होते. जून 2024 मध्ये खुद्द टोयोटाच्या सात मॉडेलच्या चाचण्यांत नियम मोडल्याचं बाहेर आलं आणि कंपनीचे अध्यक्ष आकिओ तोयोदा माफी मागत कॅमेऱ्यांसमोर वाकले. त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये टीव्ही चालू होता. कुणी काही बोललं नाही, भांडी ठेवायचा आवाज तेवढा येत होता.

माझा भाचा चाकणला एका कंपनीत आहे, ठेकेदाराकडून, अकरा महिन्यांच्या करारावर. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे आंदोन आहे का? म्हणाला, "मामा, बटण आहे की. पण दाबतंय कोण? कायमवाले दाबतात. आम्ही दाबलं तर पुढच्या वेळी ठेकेदार नाव पुढं पाठवत नाही." त्याने एकदा वेल्डिंगचा एक ठिपका राहिलेला पाहिला होता, शेजारच्याला डोळ्याने खुणावलं, तो म्हणाला पुढे बघतील. याला 'चालतंय की' म्हणणं मला अन्याय वाटतो. हे पोर आळशी नाही. त्याने हिशेब केला, आणि त्याच्या जागी मी असतो तर तोच केला असता. जपानमध्येही हंगामी करारावरचे कामगार भरपूर आहेत आणि दोर ओढताना त्यांचा हात जड होतो, हे मी रोज पाहतो.

म्हणून संभाजीनगरच्या कारखान्याबद्दलच्या बातम्या वाचताना मी एकच आकडा शोधतो आणि तो मला कधी सापडत नाही. किती एकर, किती कोटी, किती हजार नोकऱ्या, वर्षाला किती गाड्या, सगळं छापून येतं. त्या नोकऱ्यांतल्या कायम किती, ते येत नाही. टोयोटाच्याच कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यात नोव्हेंबर 2020 पासून काही महिने संप आणि टाळेबंदी चालली, आणि भांडणाच्या मुळाशी कामाचा वेग आणि बोजा होता. तेव्हा आपल्या ग्रुपवर 'युनियनवाल्यांनी वाटोळं केलं' असे मेसेज फिरत होते. मला त्या वेळी लिहायला हवं होतं. माग थांबवू पाहणाऱ्या माणसाची ती तक्रार होती.

कारखाना यावा असं मला मनापासून वाटतं. किर्लोस्कर आणि तोयोदा ही दोन नावं आधी सूतकताईच्या यंत्रांसाठी एकत्र आली होती, 1995 मध्ये, मोटारींच्या दोन वर्षं आधी. मागावर वाढलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार जवळची वाटते. मराठवाड्यातली पोरं तिथे उभी राहून उत्तम गाड्या करतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. फ्रेमाँटला झालं ते संभाजीनगरजवळच्या बिडकीनला का होणार नाही? फक्त जे तिथे दिलं होतं तेही इथे द्यावं लागेल, आणि ते मागायचं काम आपलं आहे. जपानी साहेब ते आपण होऊन बॅगेत घालून आणणार नाहीत.

भाच्याचा करार मार्चमध्ये संपतोय. संभाजीनगरला भरती निघाली की फॉर्म भरीन म्हणतो. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने हे सांगितलं तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, मागांमुळे. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला, कानाजवळ नेला, आणि नातवाला मोठ्याने म्हणाले, "पगार नंतर इचार. मशीन थांबलं तर पैसं कापत्यात काय, ते आधी इचार."