‘कोण पळाला नाही, कोण मेला नाही’: एका निवृत्त हवालदारांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार हवालदारसाहेब,

तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘निवृत्त हवालदार, कारागृह विभाग’ एवढीच सही केली आहे. म्हणून हेच संबोधन. प्रतिक्रिया लांब आहे आणि चिडून लिहिलेली आहे. एक शब्दही न कापता ती मी लेखाखाली ठेवली आहे.

नव्यानं येणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. गेल्या लेखात मी म्हटलं होतं की अलिबाग, रत्नागिरी, सावंतवाडी इथल्या तुरुंगांनी आपल्या कामाचे चार-पाच आकडे दर महिन्याला काढावेत, ते गेटबाहेरच्या फळ्यावर लावावेत, आणि अधिकाऱ्यांच्या कामाचं मोजमाप त्यावरून व्हावं. त्यावर तुम्ही लिहिलंत की जेल म्हणजे कंपनी नव्हे. शिपाई कमी, कैदी जास्त, त्यात हे नवे तक्ते भरणार कोण? कैदी सुटायला उशीर होतो तो कोर्ट, पोलीस आणि तहसील यांच्यामुळे, मग जेलच्या माथी का मारता? साहेब चांगला आला की जेल चांगलं चालतं, बाकी सगळं कागदी. वर आकडे मागितलेत की आकडेच मिळतील, काम नाही. आणि शेवटी मालवणीत एक ठोसा: ‘तुमी आकडे मोजा, आमी कैदी मोजतंव.’

तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य मात्र वेगळं आहे. ‘माझ्या सगळ्या नोकरीत एकही कैदी पळाला नाही, एकही फास लावून मेला नाही, याहून मोठी कामगिरी कोणती?’ कामगिरी मोठीच आहे. रात्रीच्या पाळीला बराकीच्या गजाबाहेर उभं राहून आतल्या दीडदोनशे माणसांच्या श्वासावर लक्ष ठेवणं काय असतं, हे बाहेरच्याला कळणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की खात्यानं तुमच्याकडून हिशेब मागितला तो फक्त याच दोन गोष्टींचा. बाकीचं तुम्ही केलंत काय आणि न केलंत काय, कुणी विचारलंच नाही.

याचा परिणाम काय होतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. एखाद्या तुरुंगाधिकाऱ्यानं सुतारकामाचा बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू केला, तर पटाशी-करवत रोज मोजून घेण्याची जबाबदारी त्याच्या गळ्यात. एक पटाशी कमी भरली की चौकशी. कारखाना बंदच ठेवला तर मात्र कोणी नोटीस काढत नाही. जामिनाचा कागद संध्याकाळी आला आणि नावात किंवा कलमात खाडाखोड दिसली, तर कारकून काय करणार? चुकीचा माणूस सुटला तर निलंबन. बरोबर माणूस दोन दिवस उशिरा सुटला तर काहीच नाही. तो कागद बाजूला ठेवतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता. जिथे घात झाला तरच विचारणा होते, तिथे हुशार माणूस हात न लावण्यात पटाईत होतो. वर्षानुवर्षं तेच चालत राहिलं की त्यालाच शिस्त म्हणू लागतात.

(पळण्याचं म्हणाल तर ती धास्ती आपल्याकडे जुनीच. ठाण्याच्या किल्ल्यातून १८१६ साली दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे निसटला, आणि तो किल्ला आजही मध्यवर्ती कारागृहच आहे. कान्होजी आंग्र्यांनी बांधलेला अलिबागचा हिराकोटही आज जिल्हा कारागृह आहे. शत्रूला बाहेर ठेवायला बांधलेल्या भिंती आपण माणसं आत ठेवायला वापरतो, त्यामुळे इमारतीचं सगळं ध्यान भिंतीकडे.)

आता ‘उशिराला जेल जबाबदार नाही’ या मुद्द्यावर येतो. इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण कोकणात खरी गाठ इथेच बसते.

२०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्या माणसांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा: ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे, तेवढ्यांनीच तुरुंग जवळजवळ भरलेत. म्हणजे तुरुंगाच्या कामाचा मोठा भाग शिक्षा भोगवून घेण्याचा नाहीच. तारखेला माणूस कोर्टापुढे उभा करणं आणि सोडायचा हुकूम आला की वेळेत सोडणं, हे ते काम.

आपल्या किनाऱ्यावर आत कोण असतं? स्थानिक असतातच. पण ट्रॉलरवरचे नेपाळी खलाशी, आंब्याच्या बागेतले गुरखे, चिऱ्याच्या खाणीवर आलेले कर्नाटकातले मजूर, हेही असतात. अशा माणसाला पंधरा-वीस हजारांचा जामीन मंजूर होतो आणि त्यासोबत ‘एक स्थानिक जामीनदार’ अशी अट पडते. त्याला इथे जामीन राहणार कोण? नाखवा मोसम संपला की ओळख दाखवत नाही. बागायतदाराकडे सातबारा असतो, पण गुरख्यासाठी तो कोर्टात जोडायची त्याची तयारी नसते. ऐपतीचा दाखला तहसीलमधून आणायचा तर त्यासाठी पळापळ करायला घरचं माणूस लागतं, आणि घर नेपाळात किंवा बेळगावच्या पलीकडे. कोर्टाच्या लेखी माणसाला जामीन मिळालेला असतो. वकिलाच्या लेखी काम झालेलं असतं. माणूस आतच.

हे दुखणं नवं नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून मध्य प्रदेशातल्या दंडाधिकाऱ्यानं जामीनदार नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या अटीला चांगलंच फटकारलं. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं की स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका रखडते, तेव्हा ती अट घालू नये. त्याच आदेशात तुरुंगासाठी नेमकं काम नेमून दिलं आहे. जामिनाचा हुकूम ईमेलनं तुरुंगात पोचवायचा, जामीन मंजूर झाल्याची तारीख ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणक प्रणालीत नोंदवायची, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवाला कळवायचं.

म्हणून मी म्हणतो, हवालदारसाहेब, की दोष तुरुंगाचा नसला तरी काम तुरुंगाचं आहे. जामीन मिळूनही आत बसलेला माणूस रोज सकाळी कोण पाहतं? न्यायाधीश नाही, तहसीलदार नाही, मीही नाही. गिनतीला उभा असतो तो तुमच्यासमोर. तो अजून आत आहे हे खात्रीनं ठाऊक असलेलं सरकारी कार्यालय एकच, आणि ते तुमचं.

नव्या कायद्यानं तर याहून पुढचं काम दिलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघा. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, किंवा इतरांनी अर्धा काढला, की कोर्टाकडे लेखी अर्ज अधीक्षकानं स्वतः करायचा आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत, एकाहून जास्त प्रकरणं असलेल्यांनाही हे लागू नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजनाही आहे, त्यातून जामिनासाठी रक्कम जिल्ह्याच्या समितीमार्फत मिळू शकते. नाव पुढे पाठवणार कोण? जो रोज मोजतो तोच.

तर माझा पहिला आकडा हा: आज जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटलेले किती जण आत आहेत? त्याच्या जोडीला दुसरा: हुकूम पोचल्यापासून माणूस गेटबाहेर पडेपर्यंत किती तास गेले? मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या गेटवरची जामिनाची पेटी २०२१ च्या ऑक्टोबरात सगळ्या देशाला ठाऊक झाली, कारण एका बड्या नटाच्या मुलाचा कागद संध्याकाळी साडेपाचच्या आत त्या पेटीत पडला नाही आणि त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. गुरख्याच्या अशा रात्रींवर वाहिन्या बातमी करत नाहीत, म्हणून फळा हवा.

शिपाई कमी आहेत, हा तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. देशभरात मंजूर पदांतली सुमारे ३० टक्के रिकामी असतात. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनं सहा कैद्यांमागे एक रक्षक धरला आहे. ऐकायला बरं वाटतं. पण तीन पाळ्या धरल्या की एका पाळीत अठरांमागे एक, आणि त्यातून रजा, आजारपण, कार्यालयात अडकवलेले आणि रिकामी पदं वजा करा. बराकीत प्रत्यक्ष किती उरतात ते तुम्हीच सांगाल. मात्र यातून मी निघतो तो तुमच्या उलट्या दिशेला. तुमच्या लोकांच्या बुडालेल्या साप्ताहिक सुट्या आणि पाठोपाठ केलेल्या दुहेरी पाळ्या, हा माझ्या फळ्यावरचा तिसरा आकडा आहे. मंत्रालयात ‘स्टाफ कमी आहे’ हे वाक्य इतक्यांदा गेलं आहे की कोणी मान वर करत नाही. ‘मार्चमध्ये शिपायांच्या इतक्या सुट्या बुडाल्या आणि त्याच महिन्यात पोलीस गार्ड न मिळाल्यामुळे इतके कैदी तारखेला गेले नाहीत’ असं लिहून बाहेर लावलं की निदान उत्तर तरी द्यावं लागतं. कैदी कोर्टात नेणारा गार्ड पोलीस मुख्यालयाचा असतो, तुमचा नसतो. कारणासह नोंद झाली तरच ते तुमच्या खात्यावर जमा होणार नाही.

माणसं कमी असली तर तुरुंग चालतो कसा, याचं उत्तर तुम्ही ओझरतं दिलंच आहे: ‘वॉर्डर कैद्यांवर बराक चालते.’ १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून इतर कैद्यांवर देखरेखीला कैद्यांनाच नेमण्याची सोय आहे. पण अमेरिकेतल्या टेक्सासचं उदाहरण इथे आठवतं. १९८० च्या आसपासपर्यंत तिथले तुरुंग शिस्तीसाठी नावाजलेले होते. मारामाऱ्या कमी, सगळं वेळेवर. त्या शिस्तीमागे काही तगडे कैदी होते, त्यांना अधिकाऱ्यांनीच इतरांवर नेमलं होतं. डेव्हिड रुईझ या कैद्याच्या अर्जावर न्यायालयानं ती पद्धत मोडायला लावली. पुरेसे शिकवलेले रक्षक त्या जागी उभे नव्हते, आणि पुढच्या काही वर्षांत खुनांचं सत्र सुरू झालं. ‘कोण पळाला नाही, कोण मेला नाही’ हा आकडा तिथे वर्षानुवर्षं उत्तम दिसत होता.

नॉर्वेच्या तुरुंगांच्या उदाहरणावरून तुम्ही जे सुनावलंत, ते मी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या एका वाचकांनी लिहिलं होतं. तिथे रक्षकाचं प्रशिक्षण दोन वर्षांचं असतं. आपल्याकडे आधी माणूस तर भरा.

‘साहेब चांगला तर जेल चांगलं.’ हे मी अनेकांकडून ऐकतो आणि मला त्याचीच भीती वाटते, कारण साहेबाची बदली होते. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवा. औंध संस्थानानं १९३९ साली उघडी वसाहत काढली, कैद्यांना शेती दिली, कुटुंबासोबत राहू दिलं. संस्थान विलीन झालं, राजे गेले, वसाहत अजून आहे. तिथले नियम, जमीन आणि रोजचा क्रमच तसा घालून दिला गेला, म्हणून ती टिकली. एखाद्या उत्साही अधिकाऱ्यानं भिंतीवर काढून घेतलेली चित्रं मात्र दुसऱ्या पावसाळ्यात शेवाळतात.

राहिला खोट्या आकड्यांचा मुद्दा. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत हाच मला सर्वांत अवघड वाटला. आकड्यावर बढती ठरली की आकडा शिजवला जाणार, याबद्दल माझा भ्रम नाही. त्यावर दोनच उपाय दिसतात. एक म्हणजे आकड्याची दोन टोकं दोन वेगळ्या हातांत असावीत. हुकूम किती वाजता निघाला ते कोर्टाच्या ईमेलवर, माणूस किती वाजता बाहेर पडला ते गेटच्या रजिस्टरवर. वजाबाकी विधी सेवा प्राधिकरणानं करायची. दुसरा इंग्लंडचा. तिथले तुरुंग निरीक्षक बहुतेकदा न सांगता येतात आणि कैद्यांना नाव न लिहिता प्रश्नावली भरायला देतात. सुरक्षित वाटतं का, माणसासारखं वागवतात का, दिवसभर काही काम असतं का, सुटकेनंतरची तयारी होते का, या चारच गोष्टींभोवती तुरुंग तपासतात. आपल्याकडे अशासकीय अभ्यागत, म्हणजे तुरुंग पाहायला बाहेरचे नागरिक, नेमायची तरतूद आहेच. ते दिवाळीत फराळ वाटायला आल्याचे फोटो दिसतात. त्यांनी वर्षातून दोनदा असे चार प्रश्न विचारले आणि उत्तरं अधीक्षकांऐवजी जिल्हा न्यायाधीशांकडे दिली, तरी पुष्कळ कळेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. ती खरोखर थांबली का, हे संडास कोण साफ करतं ते आतल्याला विचारल्याशिवाय कुठल्या तक्त्यात दिसणार?

तक्ते भरायला वेगळा माणूस लागेल, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, मी मागतो त्यातलं बहुतेक तुम्ही आधीच कुठल्या ना कुठल्या रजिस्टरात लिहीत होतात, फक्त त्याची बेरीज कोणी करत नव्हतं. म्हणून तुम्हालाच विचारतो. तुमच्या वेळी सुटकेच्या नोंदीत नुसती तारीख लिहायचात, की जामिनाचा हुकूम गेटवर मिळाल्याची वेळही लिहायचात? आणि ती वेळ लिहायला कोणी मनाई केली होती का? तेवढं खाली कळवा.