टॉवर स्पीकर घेतला की सबवूफर लागतच नाही? खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरालाय की टॉवर (जमिनीवर उभा ठेवायचा उंच स्पीकर) म्हणजे फुल रेंज, थेट 20 हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ जितके कमी तितका सूर खालचा) वाजतो, सबवूफरवर (फक्त खालचा बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) पैसे घालू नका. हे अर्धंच खरं आहे बघा. गाणी ऐकायला चांगला टॉवर पुरतो, कारण चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर 41 हर्ट्झच्या आसपास असतोय आणि तिथवर बरेच टॉवर पोचतात. पण सिनेमाच्या 5.1 (पाच चॅनल अधिक एक बेसचा) आवाजातला ‘पॉइंट वन’ म्हणजे बेसचा चॅनल 120 हर्ट्झपासून खाली पार 20 पर्यंत जातोय, आणि फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तेवढ्याच आवाजाला स्पीकरचा कोन (पुढं-मागं हलणारा पडदा) चौपट हलावा लागतोय, साडेसहा इंची कोन कुठवर हलणार सांगा!

शहापुरात मित्राच्या हॉलमध्ये स्वतः लावून बघितलं, सबवूफर बंद केल्यावर स्फोटाला कोन नुसते फडफडायले. मग रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) टॉवर ‘स्मॉल’ केले, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडं जातोय ती हद्द) 80 हर्ट्झला ठेवला, तर संवादसुद्धा मोकळे ऐकू आले. ‘स्मॉल’ म्हणजे स्पीकर हलका असा अर्थ नाही हो, फक्त खालचा बेस सबवूफरकडं जातोय. आणि घ्यायच्या आधी स्पेकमध्ये 20 हर्ट्झच्या पुढं मायनस 3 डीबी लिहिलंय की मायनस 10 (म्हणजे तिथं आवाज बराच पडलेला), तेवढं नक्की बघा.