‘अनुभवी सिस्टर’च्या नावाने फिरणारा तो मेसेज

गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘एका अनुभवी सिस्टरचा सल्ला, प्रत्येक आईने वाचा’ आणि खाली तीन ते दहा वर्षांच्या मुलांच्या वाढीबद्दल सहा गोष्टी. चौथ्या-पाचव्या वर्षी मूल बारीक झालं, फासळ्या दिसू लागल्या, की वाढ खुंटली समजा. उंचीसाठी दिवसातून दोनदा दुधातून पावडर द्या आणि बारला लटकायला लावा. मेंदूची ९० टक्के वाढ पाच वर्षांत होते, म्हणून तिसऱ्या वर्षीच लिहायला बसवा. बोलायला उशीर झाला तर पाच वर्षांपर्यंत थांबा, मुलगे उशिराच बोलतात. दुधाचे दात किडले तर खर्च करू नका, ते पडणारच आहेत. आणि मुलगी लवकर ‘मोठी’ दिसू लागली तर घाबरू नका, हल्ली असंच असतं, फक्त दूध-चिकन बंद करा.

मला हा मेसेज पहिल्यांदा आला तो नर्सेसच्याच एका ग्रुपवरून. मग एका आशाताईंकडून, मग माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून. म्हणून हे आईबापांसाठी नाही, आपल्यासाठी, नर्सेससाठी, लिहितेय. ‘सिस्टर’ हा शब्द वाचून आई विश्वास ठेवते, आणि आपण तो मेसेज पुढे ढकलला की त्या विश्वासाखाली आपली सही होते. मेसेज पूर्ण खोटा असता तर सोपं होतं. त्यातल्या जवळपास प्रत्येक ओळीत अर्धं खरं आहे, आणि प्रत्येक ओळीत मुलाचं वय आणि माप तेवढं गाळलंय.

पहिली गोष्ट, बारीक झालेलं मूल. जन्माला तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोचं होतं. म्हणजे बारा महिन्यांत सहा किलो. त्यानंतर दुसऱ्या वाढदिवसापासून पुढे वर्षाला साधारण दोनच किलो वाढतात. उंची मात्र वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वाढत राहते. वजन हळू, उंची भराभर, मग मूल लांबोडकं दिसणारच. दीड-दोन वर्षांच्या मुलाचं पुढे आलेलं पोट आत जातं, गालांवरची चरबी उतरते, पाय लांब होतात. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, मुळातच पाच-सहा वर्षांच्या सुमारास सगळ्यात खाली असतो आणि त्यानंतर पुन्हा चढू लागतो. ही चढण फार लवकर सुरू झाली, समजा चौथ्या वर्षीच, तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. ‘माझा गुटगुटीत आहे’ म्हणून कौतुक होतं त्या मुलाकडेही म्हणूनच वाढीचा तक्ता घेऊन बघावं लागतं.

भुकेचंही तेच. वाढीचा वेग कमी झाला की भूक कमी होते. ‘सिस्टर, हा काही खातच नाही’ हे वाक्य ओपीडीत रोज येतं, आणि बहुतेक वेळा ते मूल वयाप्रमाणे पुरेसं खात असतं. आईला ते अंगावर पिणाऱ्या, वर्षाला सहा किलो वाढणाऱ्या बाळाशी ताडून बघायची सवय झालेली असते. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे एकमेकांना लागतात म्हणूनही आया घाबरतात. दोन्ही पाय सारखेच दिसत असतील, मूल लंगडत नसेल, तर सातव्या वर्षापर्यंत ते बहुधा आपोआप सरळ होतात. एकाच पायाला वाक असेल किंवा तो वाढत चालला असेल तर मात्र दाखवावं.

पण ‘बारीक आहे, चालायचंच’ असं सरसकट सांगायला मी तयार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश. खुजं मूल बारीक दिसतच नाही. ते लहानखुरं, बेताचं, छान दिसतं. आई वय सांगेपर्यंत आपल्यालाही कळत नाही. म्हणजे नजर दोन्हीकडे फसते: धडधाकट मूल रोडावलेलं वाटतं आणि वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिलेलं मूल ठीक वाटतं.

मग काय करायचं? मोजायचं, आणि नीट मोजायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून लांबी घ्यायची, त्यावरच्याला उभं करून उंची. हे उलटंपालटं झालं तर सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि सीमारेषेवरचं मूल तेवढ्याने इकडचं तिकडे होतं. चप्पल काढून टाचा, कुल्ले, खांदे आणि डोक्याची मागची बाजू टेकवायची, नजर समोर ठेवायची. केसांचा बो किंवा अंबाडा सोडायचा. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरायचे. ते बनवताना घेतलेल्या सहा देशांत भारतही होता, त्यामुळे ‘आपली मुलं लहानच असतात’ ही सबब इथे चालत नाही. पाचच्या पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते मूल सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. तक्त्यावरचा एक ठिपका मात्र फार कमी सांगतो. चार-सहा महिन्यांचे ठिपके जोडल्यावर रेषा वर जाते, आडवी होते की खाली येते, तिथे खरं उत्तर असतं. सुरुवातीपासून खालच्या रेषेवरून पण तिला समांतर जाणारं मूल एकवेळ ठीक असेल. मधल्या रेषेवरून दोन रेषा खाली घसरलेलं मूल दिसायला कितीही गोंडस असो, ते आजारी आहे असं धरून पुढची तपासणी करायची.

दुसरी गोष्ट, पावडर. शाळकरी वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतंच. ते पावडर पीत असो, भाकरी-वरण खात असो. वर्षभर डबा चालू ठेवला आणि वर्षाने मूल सहा सेंटिमीटर वाढलं, की श्रेय डब्याला जातं. या डब्यांत साखरही बरीच असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात असा गटच नाही. ज्या घरात महिन्याचा किराणा मोजून येतो तिथे त्या डब्याच्या पैशात अंडी, शेंगदाणे, डाळ किती आली असती याचा हिशेब आईबरोबर बसून करावा. मी करते.

मूल किती उंच होईल याचा अंदाज घरातूनच मिळतो. आईवडिलांची उंची मिळवायची, मुलगा असेल तर १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, आणि दोनाने भागायचं. वडील १६८, आई १५४ असेल तर मुलाची उंची १६७.५ च्या आसपास, मुलीची १५४.५ च्या, सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे. लटकल्याने हाडं लांबत नाहीत. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात आणि रात्री पुन्हा फुलतात, म्हणून आपण सगळेच सकाळी किंचित उंच असतो. लटकल्यावर तात्पुरतं तेवढंच होतं. खेळ म्हणून लटकू दे. पण शाळकरी मूल वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नसेल तर त्याला बार नको, डॉक्टर हवेत. थायरॉईड, आतड्याचे आजार, वाढीच्या हार्मोनची कमतरता, मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्रांतला दोष, अशी कारणं शोधावी लागतात आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत, वेळेत गेलं तर.

तिसरी गोष्ट, तिसऱ्या वर्षी लिहिणं. ९० टक्क्यांचा आकडा मेंदूच्या आकाराचा आहे, शिकण्याचा नाही. तीन वर्षांचं मूल बघून गोल काढतं. फुली चौथ्या वर्षी जमते, त्रिकोण पाचव्या. मनगटातली छोटी हाडं त्या वयात अजून पूर्ण तयारही झालेली नसतात. ज्या हाताला अजून दोन रेषा एकमेकींना छेदता येत नाहीत, त्या हाताकडून ‘क’ आणि ‘अ’च्या पाटीभर ओळी मागायच्या, हा त्या मुलावर अन्याय आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण उभं केलं ते खेळ, गाणी, माती, बिया यांच्यावर. अंगणवाडीची कल्पना त्याच कामातून आली. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते सहा हा काळ खेळातून शिकण्याचा धरला आहे.

आपल्या वॉर्डात तर खेळ हे कामाचं साधन आहे. या वयाच्या मुलाला वाटतं की आपण हट्ट केला म्हणून आजारी पडलो आणि सुई ही शिक्षा आहे. त्यात नातेवाईक धाक घालतात, ‘थांब, सिस्टर टोचतील!’ अशा वेळी आपण हसून सोडून देतो, ते सोडून देऊ नये. ‘मी शिक्षा करायला आलेली नाही’ हे मुलाला, आणि नातेवाइकांना ऐकू जाईल असं, सांगावं. बाहुलीला त्याच्या हातून स्टेथोस्कोप लावू द्यावा आणि मग काम करावं. दोन मिनिटं लागतात.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. मुलगे सरासरीने थोडे उशिरा बोलतात, हे खरं. पण तो फरक थोड्या महिन्यांचा असतो, वर्षांचा नाही. वर्षाच्या सुमारास एखादा अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडून, तिसऱ्या वर्षी परक्या माणसालाही बरंचसं कळेल असं बोलणं, चौथ्या वर्षी घडलेली गोष्ट सांगता येणं. यात मूल मागे असेल तर पहिली तपासणी कानाची.

साडेतीन वर्षांचा एक मुलगा ताप-खोकल्यासाठी आला होता. मी वजन घेत होते आणि तो सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मास्क लावला तसा तो गोंधळला. आई म्हणाली, “याचे बाबापण उशिराच बोलले, सिस्टर. एका ठिकाणी विचारलं होतं, तिथे थांबा म्हणाले.” त्या थांबण्यात दीड वर्ष गेलं होतं. बेरा या ऐकण्याच्या तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचं निघालं. पुढे यंत्रं बसली, स्पीच थेरपी सुरू झाली. आईने मला कधी दोष दिला नाही, पण मीही त्याआधी किती आयांना ‘बोलेल हो’ म्हणून घरी पाठवलं असेल, हे मला तेव्हापासून टोचतं.

पाठीमागून टाळी वाजवून ऐकू येतं का बघू नका. हवेची झुळूक आणि सावली मुलाला कळते. नावाने हाक मारल्यावर वळतं का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, हेही विचारा. कारण प्रश्न कधी कानाचा नसून स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा असतो. घरात कोरकू, अहिराणी किंवा हिंदी आणि बाहेर मराठी, म्हणून मूल बोलत नाही, हे मान्य करू नका. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे. घरची भाषा बंद करायला तर मुळीच सांगू नका. आणि पाठवायचं कुठे हा प्रश्न उरलेला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. आरबीएसकेची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, आणि त्यांच्यामार्फत मूल जिल्ह्याच्या डीईआयसीपर्यंत, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचतं. टीम येण्याची वाट बघायचीही गरज नाही.

दातांचं थोडक्यात. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. किडलेली दाढ दुखते, मूल चावून खात नाही, वजन अडतं. आणि सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, कायमची पहिली दाढ येते. ती दुधाचीच समजून घरचे सोडून देतात, आणि आयुष्यभराची दाढ आठव्या वर्षी पोखरलेली सापडते.

शेवटची गोष्ट, मुलींची. मुलीला आठ वर्षांच्या आत स्तनांची गाठ जाणवू लागली, किंवा मुलग्यात नऊ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तर ते ‘हल्ली असंच’ नाही. अशी मुलगी आधी वर्गात सगळ्यात उंच दिसते, घरचे खूश असतात, पण हाडांची वाढ लवकर मिटते आणि ती शेवटी ठेंगणी राहते. दूध-अंडी-चिकन बंद केल्याने हे थांबत नाही, फक्त वाढीच्या वयातली प्रथिनं जातात. मुलगी नऊ-दहाची असेल तर तिचं वेळेवर चाललंय. गाठ दिसल्यापासून दोन-अडीच वर्षांत पाळी येते, तेव्हा तिच्याशी आणि आईशी आत्ताच बोलायला हवं. पण सात वर्षांची मुलगी समोर आली तर चिठ्ठीवर नुसतं ‘लवकर वयात येत आहे’ लिहून पाठवू नका. मागच्या वर्षीची उंची, आजची उंची, दोन्हींच्या तारखा आणि गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली, एवढं लिहा. शाळेच्या तपासणीच्या रजिस्टरमध्ये मागची उंची बहुतेक सापडते.