दोन विटा, केळीचं पान आणि मोडलेला खुबा

साक्रीपासून रावेरपर्यंतच्या नातेवाईकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "साठीनंतर खुबा मोडला तर ऑपरेशन करू नका. पायाला दोन विटा टांगा, सव्वा महिना केळीच्या पानावर झोपवा, रोज तेल लावून चोळा आणि पाय ओढा. कट् आवाज आला की हाड बसलं. भूल म्हाताऱ्यांना झेपत नाही, डॉक्टर लुटतात. नेदरलँड्सनेही हेच सिद्ध केलंय." एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण मोरीत घसरून पडलेल्या आत्याच्या घरी तो पोचला आणि तिची मुलं विटा शोधायला लागली आहेत.

आधी तो "कट्". मोडलेली दोन टोकं एकमेकांवर घासली की असा आवाज येतो. हाड बसल्याची ती खूण नव्हे. खुब्याचा गोळा मांडीच्या हाडाला जोडणारी मान मोडते तेव्हा कधीकधी टोकं एकमेकांत रुतून बसतात. असा माणूस लंगडत चालूही शकतो, पाय आखूड दिसत नाही, आणि घरचे मुका मार समजून गप्प बसतात. हे फ्रॅक्चर बहुधा दोन-तीन स्क्रूंवर भागतं. तोच पाय धरून ओढला की रुतलेली टोकं सुटतात, मानेवरून गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात आणि स्क्रूचं काम अर्धा सांधा बदलण्यावर जातं. चोळण्याचा धोका आठवड्याभराने आणखी वाढतो. पडून राहिलेल्या पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल तर पोटरी रगडताना ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मग माणूस अचानक जातो, आणि सगळे म्हणतात अटॅक आला.

विटांचंही तसंच. एक वीट तीन किलोच्या आसपास भरते, म्हणजे दोन सहा किलोच्या. म्हाताऱ्या कातडीवर पट्टी बांधून तीन-चार किलोंच्या वर वजन टांगत नाहीत, कातडी सोलून निघते. पट्टी गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला करकचली तर तिथे हाडाला लगटून जाणारी नस दबते आणि पाऊल लुळं पडतं.

पण विटा लावून हाड जुळतं का? ते कुठे मोडलंय त्यावर आहे. मानेचं हाड मोडून सरकलं असेल तर जुळण्याची आशा फार थोडी, रक्तपुरवठाच तुटलेला असतो. मानेच्या खाली मोडलं असेल तर जुळतं, हे मान्य. त्यासाठी दहा-बारा आठवडे अंथरुणात काढायचे, आणि शेवटी पाय बहुधा आखूड आणि बाहेर वळलेला राहतो. शिवाय "आमची डोकरी ऑपरेशनशिवाय चालली" म्हणतात, त्यातल्या काहींचा खुबा मोडलेलाच नसतो. जांघेतलं, म्हणजे पेल्व्हिसचं पुढचं हाड तडकलेलं असतं. त्याला सहसा ऑपरेशन लागत नाही, वेदनाशामक देऊन लवकर वॉकरवर उभं करतात. एक्सरे न काढता दोन्ही दुखणी एकच धरली की हाडवैद्याचं नाव होतं.

केळीचं पान. रावेर-यावलकडे पानाला तोटा नाही, आणि ते जखमेला चिकटत नाही म्हणून भाजलेल्या रुग्णांसाठी वापरतात, हेही खरं. पण बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होते दाबाने. माकडहाडावर आणि टाचेवर पडणारा भार पान कसा कमी करणार? दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मोडका खुबा तसाच ठेवून कूस बदलली की डोकरी किंचाळते, घरच्यांना बघवत नाही, म्हणून हलवणं बंद होतं. जळगावच्या मे महिन्यात घामाने भिजलेली पाठ चार-पाच दिवसांतच काळी पडू शकते. छातीत कफ साठतो तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी रुग्णाला बसवता, उभं करता यावं, ऑपरेशन मुख्यतः त्यासाठी असतं.

भुलीचं थोडक्यात. बऱ्याच जणांना कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. नुसतं वय 85 आहे म्हणून नकार द्यायचं कारण नाही. बीपी-शुगर अगदी नेमकी व्हावी म्हणून आठवडा घालवणंच जास्त महागात पडतं, दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं हे बघा.

आता नेदरलँड्स. फ्रेल-हिप नावाचा हा अभ्यास 2022 मध्ये जामा सर्जरी या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात 172 रुग्ण होते, सगळे सत्तरी ओलांडलेले, वृद्धांच्या शुश्रूषागृहात राहणारे आणि आधीच खंगलेले. घरच्यांसोबत बसून, नफा-तोटा समजून घेऊन 88 जणांनी ऑपरेशन नको म्हटलं, 84 जणांचं झालं. नको म्हटलेल्यांची शेवटच्या दिवसांची गत वाईट ठरली नाही. मेसेज लिहिणाऱ्याने वाचन इथेच थांबवलं. 30 दिवसांत ऑपरेशन न केलेल्यांपैकी 83 टक्के वारले, केलेल्यांपैकी 25 टक्के. गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, जास्त खंगलेले नको म्हणणाऱ्यांत असणार, हे धरा. तरी हा अभ्यास शेवट कमी वेदनेचा कसा व्हावा याबद्दल आहे. चालत्या-फिरत्या आत्याला तो लावायचा कसा?

जो माणूस आधीच अंथरुणाला खिळलाय, किंवा असाध्य आजाराचे शेवटचे आठवडे आहेत, त्याचं ऑपरेशन न करणं रास्त आहे. तेव्हाही नस बधिर करणारं इंजेक्शन, मॉर्फिन आणि नीट शुश्रूषा हवी, विटा नकोत. आणि ऑपरेशन झालं म्हणजे सगळं निभावलं असंही नाही, त्यानंतरही वर्षभरात 20 ते 30 टक्के जातात असं देशोदेशीच्या नोंदी सांगतात.

लुटीचं म्हणाल तर काही ठिकाणी होतही असेल. त्यावर उपाय आहे. 70 पूर्ण झालेल्या कुणाचंही आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. खासगीत जायचं तर हे ऑपरेशन तिथे या कार्डाच्या योजनेत होतं का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला विचारा. निघताना पायाखाली उशी द्या, पाय सरळ करायला जाऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं पाकीट सोबत न्या आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा.