‘आठवड्यात सहाच शातो’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या फ्रान्समधल्या लुआर खोऱ्याच्या सहलीला आपण दोन स्टार दिलेत. आपल्या तक्रारी अशा: गाडी दिमतीला, अंतरं जेमतेम, तरी आठवड्यात सहाच शातो (राजेरजवाड्यांचे जुने वाडे) दाखवले. शांबोरला रिकाम्या खोल्यांतून फिरवलं. शेनोन्सोला अख्खी सकाळ आणि व्हिलाँद्रीला भाजीचे वाफे बघण्यात अर्धा दिवस घालवला. जेवणाच्या वेळांचं बंधन जाचक होतं. टूर मॅनेजरला काही गोष्टी ठामपणे सांगता आल्या नाहीत. आणि एवढ्या पैशांत दुसरीकडे चार देश होतात.

सविस्तर लिहिलंत, म्हणून आम्हीही सविस्तर लिहितो. ही सहल आम्ही मुद्दाम अशी आखली आहे आणि ती अशीच ठेवणार आहोत.

अंतरांचं म्हणाल तर ते खरंच आहे. आंब्वाजहून शेनोन्सो साधारण 15 किलोमीटर, व्हिलाँद्रीहून आझे-ल-रिदो त्याहून जवळ. दिवसाला तीन शातो आरामात बसतात. पण तिसऱ्या शातोत शिरेपर्यंत पलंग, फायरप्लेस आणि गालिचे यांची सरमिसळ होते, कोण कुठल्या राजाची कोण हे कोणाच्याच ध्यानात राहत नाही आणि मंडळी बाहेर बाक शोधू लागतात. हे पाहूनच आम्ही दिवसाला एक असा नेम ठेवला आहे.

आता शांबोरच्या रिकाम्या खोल्या. फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला याच्या आज्ञेने 1519 मध्ये काम सुरू झालं. 400 हून अधिक खोल्या, भोवतीच्या रानाला 32 किलोमीटरची भिंत. आणि एवढं बांधून राजा तिथे राहिला किती? 32 वर्षांच्या कारकिर्दीतले सगळे मुक्काम मिळून अडीच महिनेसुद्धा नाही. तो शिकारीला यायचा. दरबार सोबत असायचा आणि पलंग, पडदे, भांडीकुंडी सगळं गाड्यांवर लादून यायचं, मुक्काम उठला की तसंच परत जायचं. पुढच्या काळात जे सामान साठलं, ते फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी विकलं गेलं. आज काही दालनं सजवून ठेवली आहेत, पण फ्रान्स्वाचा शांबोर समजून घ्यायचा तर त्या उघड्या, गार खोल्यांतूनच फिरावं लागतं.

आणि तो मधला जिना! एकाच पोकळ खांबाभोवती दोन जिने गुंफलेले. एकावरून चढणाऱ्याला दुसऱ्यावरचा माणूस झरोक्यांतून दिसतो, पण वाटेत दोघांची गाठ पडत नाही. आपली मुलगी एका बाजूने आणि आजोबा दुसऱ्या बाजूने किती वेळा वरखाली गेले, ते आमच्या टूर मॅनेजरने कौतुकाने सांगितलं. हा जिना लिओनार्दो द विंचीने रचला का, या आपल्या प्रश्नाला त्याने ‘तसं मानतात, पण पुरावा नाही’ असं उत्तर दिलं. बहुधा तेच आपल्याला गुळमुळीत वाटलं. पण लिओनार्दो 2 मे 1519 रोजी आंब्वाजला वारला, शांबोरचं काम त्यानंतर सुरू झालं आणि त्याच्या हातचा नकाशा उपलब्ध नाही. जे सिद्ध नाही ते ठासून सांगायचं नाही, अशी आमच्या सगळ्या टूर मॅनेजरना ताकीद आहे.

शेनोन्सोला सकाळ का लागते, याचं उत्तर शेर नदीवरच्या त्या 60 मीटर लांब दालनात आहे. पूल बांधवला दियान द प्वातिएने, म्हणजे राजा हेन्री दुसरा याच्या प्रेयसीने. 1559 मध्ये राजा गेला आणि राणी कॅथरीन द मेडिचीने तिला हा वाडा सोडायला लावून बदल्यात शोमाँ हा दुसरा शातो दिला. मग त्याच पुलावर राणीने दालन चढवलं. दोघींच्या नावाच्या बागा आजही समोरासमोर आहेत. पहिल्या महायुद्धात त्याच दालनात जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. दुसऱ्यात तर शेर नदी हीच सीमारेषा होती: वाड्याचं मुख्य दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात, दालनाचं पलीकडचं दार मोकळ्या भागात. त्या दारातून लोक निसटले. त्या काळ्यापांढऱ्या फरशीवरून या दारापासून त्या दारापर्यंत सावकाश चालत गेल्याशिवाय हे कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

व्हिलाँद्रीचे ‘वाफे’ म्हणजे नऊ चौकोन, प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि कोबी, बीट, कांद्याची पात यांची लागवड रंग जुळवून केलेली. 1906 मध्ये होआकिन कार्वायो या स्पॅनिश शास्त्रज्ञाने आणि त्याच्या अमेरिकन पत्नीने हा वाडा घेतला. तिथली इंग्रजी धाटणीची बाग काढून त्यांनी सोळाव्या शतकातल्या पद्धतीची ही बाग पुन्हा उभी केली. वरच्या गच्चीवरून ती नक्षी नीट दिसते, म्हणून आधी वर नेतो आणि मग खाली.

जेवणाचं थोडक्यात: तिकडे गावातल्या रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं साधारण 12 ते 2 चालतात, मग थेट संध्याकाळी. म्हणूनच आम्ही बाराच्या ठोक्याला टेबल धरतो. शाकाहारी मंडळींना चीजमधल्या रेनेटबद्दल (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध फाडणारं द्रव्य) निघण्यापूर्वीच सांगतो.

चार देशांची सहल वाईट नसते. पहिल्यांदा युरोपला जाणाऱ्यांना ऑफिसात आम्ही स्वतःच ती सुचवतो. आमच्या कार्यक्रमात शातोंची नावं आणि प्रत्येक ठिकाणचा वेळ बुकिंगआधीच छापून दिलेला असतो. तो वाचून, घरच्यांना विचारून मगच पैसे भरावेत, ही सगळ्यांना विनंती.

आपली एक सूचना मात्र फार आवडली: निघण्याआधी राजांची वंशावळ समजावून द्या. पुढच्या ग्रुपपासून पुण्याच्या ऑफिसात एक संध्याकाळ त्यासाठी ठेवतो आहोत, चार्ल्स आठव्यापासून कॅथरीनच्या तीन राजेपुत्रांपर्यंत. आपण आणि आजोबा जरूर या, तारीख फोनवर कळवतो.