साडेसदतीस

डोकं फिरलंय नुसतं. शाळेत हेल्थ चेकअप झालं आणि लेकीच्या रिपोर्टवर लाल पेनाने 'ओव्हरवेट'. उंची १३६, वजन ३७.५, बीएमआय (म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २०.३. पोरीला आत्ताच कुठे १० पूर्ण झालीत.

बरं हे मोजलं कसं ते ऐका. वजन करताना बूट, मोजे, स्वेटर सगळं अंगावर, आणि काटा सतरंजीवर ठेवलेला. एक बाई मोठ्याने आकडा ओरडणार, दुसऱ्या बाई लिहून घेणार, आणि अख्खा वर्ग लाईनीत उभा राहून ऐकणार. झालं, तेव्हापासून वर्गातली पोरं तिला 'साडेसदतीस' म्हणतात. काल जेवताना अर्धी पोळी ताटात ठेवून उठली आणि म्हणते आई उद्यापासून डब्यात एकच दे.

मी शाळेत गेले तर भिंतीवरची टेप अजून तशीच, शिवणकामाची, सेलोटेपने चिकटवलेली आणि तीही जमिनीपासून चांगली चार बोटं वर! म्हणजे बुटाने दोन सेंटीमीटर वाढवले आणि टेपने सहा खाल्ले. घरी अनवाणी, टाचा नि डोकं भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून मोजली तर १४०. फरशीवर काटा ठेवून वजन ३६. बीएमआय १८.४. आता उंचीचा वर्ग करून भागायचंय म्हटल्यावर चार सेंटीमीटर इकडे तिकडे झाले की पोरगी डायरेक्ट दुसऱ्या खान्यात जाते, एवढं गणित शाळेला कळू नये?

आमच्या डॉक्टरांनी डब्ल्यूएचओच्या चार्टवर टाकून दाखवलं, १० वर्षांच्या मुलीला ओव्हरवेटची रेघ १९ च्या आसपास आहे, ही त्याच्या खालीच. आणि गंमत म्हणजे हाच १८.४ मोठ्यांच्या तक्त्यात टाकला तर 'अंडरवेट' येतो, कारण तिथे १८.५ च्या खाली सगळे अंडरवेट! मुलांचं वय आणि मुलगा की मुलगी हे बघितल्याशिवाय नुसत्या बीएमआयला काही अर्थच नसतो. आयएपीने, म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, २०१५ मध्ये आपल्याकडच्या मुलांसाठी ५ ते १८ वयाचे चार्ट काढलेत, मुलामुलींचे वेगवेगळे. भिंतीवर लावा की एक प्रिंट!

मोजूच नका असं नाही म्हणत मी, खरंच वजनं वाढतायत मुलांची, मोजायलाच हवं. पण मग पीटीचा तास गणिताला कोण देतं? सीबीएसईने २०२५ मध्ये सांगितलं म्हणून शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर ते सांगणारा फलक, लावलाय झोकात, आणि त्याच्याच खाली टेबलावर वाढदिवसाच्या चॉकलेटांचा डबा.

आता रिपोर्टवर पालकांची सही हवीये म्हणे. नाही करणार. आधी ती टेप खाली घ्या, बूट काढा आणि पडद्याआड परत मोजा तिला.