'चार दिवस' राहिलेल्या माणसाचं उत्तर

अभ्यासू वाचक,

(हे टोपणनाव तुम्हीच घेतलंय, मी दिलेलं नाही.)

जर्मनीतल्या 'म्युलर' (म्हणजे गिरणीवाला) या आडनावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. नंतर येणाऱ्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. एक, म्युलर सगळ्यात जास्त म्हणजे गिरणीवाले सगळ्यात जास्त, हा माझा तर्क बालिश. तसं असतं तर शेतकऱ्यांचं 'बाउअर' पहिलं आलं असतं. दोन, 'श्मिट' सगळ्या स्पेलिंगांसकट मोजलं तर म्युलरचा पहिला नंबर डळमळतो. तीन, संस्कृतचे जर्मन पंडित मॅक्स म्युलर यांच्या घराण्यात गिरणी होती, हे मी कुठून आणलं? आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: 'चार दिवस जर्मनीत राहून आलेल्यांनी व्युत्पत्ती शिकवायला बसू नये.'

दुसरा मुद्दा मान्य. श्मिट, श्मिड, श्मिट्झ, श्मीड हे सगळे एकाच लोहाराचे वंशज आणि त्यांची मोट बांधली तर म्युलरला जड जाईल. मी एकेका स्पेलिंगचा हिशेब धरला होता, तसं लिहायला हवं होतं. चूक ती चूक. मी काही हटवादी माणूस नाही.

आता त्या 'चार दिवसां'कडे येतो.

महोदय, मी जर्मनीत नऊ वर्षं राहिलो. त्याआधी पुण्यात बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात दोन वर्षं जर्मनचे संध्याकाळचे वर्ग केले, स्वारगेटहून सायकल मारत. तिकडे पहिलं घर मिळालं ते कासेलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. खाली दारापाशी पितळी पट्टीवर आठ बटणं, प्रत्येकासमोर फक्त आडनाव. तिकडे घंटेवर आडनावच असतं, फ्लॅटचा नंबर नसतो. त्या आठांपैकी तिघे म्युलर. एकाने आडनावापुढे आद्याक्षर लावलेलं, दुसऱ्याने हाताने 'मागच्या बाजूस' अशी चिठ्ठी चिकटवलेली, आणि तिसऱ्या माझ्या घरमालकीणबाई. त्यांनी काहीच केलं नव्हतं. त्यांच्या मते खऱ्या म्युलर त्याच, बाकीच्यांनी आपलं बघावं. त्यांची पार्सलं महिन्यातून दोनदा तरी चुकीच्या दारात जायची आणि मग जिन्यात जे संवाद व्हायचे, त्यातून मी जेवढं जर्मन शिकलो तेवढं वर्गात शिकलो नाही. फोन उचलला की तिकडचा माणूस 'हॅलो' म्हणत नाही, स्वतःचं आडनाव सांगतो. आमच्या हापिसात दुपारी चारही बाजूंनी 'म्युलर', 'म्युलर' ऐकू यायचं. या सगळ्याला चार दिवस म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि समजा मी खरंच चार दिवस राहिलो असतो, तरी काय? गिरणीवाला म्हणजे काय हे समजायला मला कासेलला जायची गरज नव्हती. माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, वाईजवळच्या गावात पिठाची गिरणी होती. ऑइल इंजिन, चामडी पट्टा, पत्र्याच्या डब्यांची दारापर्यंत रांग. आजोबांच्या भुवया कायम पांढऱ्या. महिन्या-दोन महिन्यांनी ते दगड उघडून टाकी लावत बसायचे, तेव्हा त्या ठकठकीने दुपारी कुणाला झोप लागायची नाही. गावात निम्मी घरं जाधवांची. पण पत्र यायचं ते 'गिरणीवाले जाधव' या नावाने, पुढे नुसतं 'गिरणीवाले' म्हणून आणि पोस्टमन न विचारता आणून द्यायचा. माझ्या आईला शाळेत 'गिरणीवाल्यांची' म्हणत. आणखी दोन पिढ्या तसंच चाललं असतं आणि एखाद्या कारकुनाने वहीत तेवढंच लिहून घेतलं असतं, तर माझ्या मामांचं आडनाव आज काय असतं? आडनाव असं घडतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, ओट्यावर बसून पाहिलंय.

आता तुम्ही म्हणाल, गावात गिरणी एकच होती म्हणून ते नाव चिकटलं, दहा असत्या तर चिकटलं नसतं. बरोबर! मी तरी वेगळं काय म्हणतोय? मध्ययुगीन जर्मन गावात शेतकरी सगळेच, तेव्हा एखाद्याला 'शेतकरी' म्हणून हाक मारण्यात अर्थ नव्हता. गिरणी मात्र ओढ्याकाठी एकच, बहुधा जहागीरदाराच्या मालकीची, आणि आसपासच्या कुळांनी धान्य तिथेच दळायचं अशी सक्ती. त्यामुळे पंचक्रोशीत 'म्युलर' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर यायचा. अशा हजारो पंचक्रोश्या, प्रत्येकीत एकेक म्युलर. बाउअर पहिल्या दहातही नाही ते यामुळेच. (शेतकरी तिथे दुसऱ्या नावांनी आहेत म्हणा, मायर हा मुळात जहागिरीचा कारभारी, आणि शुल्त्स हा साधारण आपला पाटील.) हे सगळं माझ्या लेखात होतंच, फक्त इतक्या शब्दांत नव्हतं. ओळींच्या मधलं वाचायची तयारी लागते.

शब्दाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत याचं नवल वाटतं, कारण खरी गंमत तिथेच आहे. लॅटिन 'मोलिनारिउस'वरून तो आला. उत्तरेकडे तोच म्योलर झाला, दक्षिणेकडे म्युलनर, आणि शिकल्यासवरल्या लोकांनी त्याला लॅटिनचा मुलामा देऊन मोलिटोर केलं. 'जो आधी येईल तो आधी दळेल' ही जर्मन म्हण तेराव्या शतकातल्या 'साक्सनश्पीगल' या कायद्याच्या ग्रंथातल्या नियमातून आली. म्हणजे आमच्या ओट्यावरची डब्यांची रांग तिकडे कायद्यात होती! आणि गिरणीवाल्यावरचा संशयही तोच. मजुरी म्हणून धान्याचा ठरलेला हिस्सा तो काढून घ्यायचा, तेव्हा माप जरा मोठंच भरतो अशी बोंब कायमची. आजोबांनाही 'घट जास्त दाखवता' हे आठवड्यातून एकदा ऐकावं लागायचं. तिकडे तर प्रकरण इतकं गेलं की गिरणीवाल्यांच्या पोरांना कारागिरांच्या संघांत घेत नसत. 1548 च्या पवित्र रोमन साम्राज्याच्या फर्मानात विणकर, न्हावी, मेंढपाळ यांच्याबरोबर गिरणीवाल्यांच्या मुलांनाही घ्या असं लिहावं लागलं. असं बदनाम नाव आज देशात पहिल्या नंबरवर आहे, स्वित्झर्लंडमध्येही. ऑस्ट्रियात मात्र नाही, तिथे ग्रूबर पुढे.

आपल्या बलुतेदारांत लोहार आहे, सुतार आहे, कुंभार आहे, दळणारा नाही. कारण दळण घरातच व्हायचं, पहाटे जात्यावर आणि ते करणाऱ्या बाईच्या कामावरून आडनाव पडायची आपल्याकडे पद्धत नव्हती. या मुद्द्यावर काही बोलला असतात तर चर्चा झाली असती. पण नाकाने कांदे सोलायचेच ठरवल्यावर कांद्याची चव कशाला बघायची?

मॅक्स म्युलरचा तुमचा मुद्दा किरकोळ आहे. मी 'बहुधा' असं लिहिलं होतं. त्यांचे वडील कवी विल्हेल्म म्युलर, ज्यांच्या गिरणीवाल्याच्या पोरीवरच्या कवितांना संगीतकार शूबर्टने चाली लावल्या, ते देसाऊमधल्या एका शिंप्याचे चिरंजीव होते. आहे, माहीत आहे मला. आडनाव पडल्यावर धंदा बदलायला कुणी बंदी केलेली नाही. आपल्याकडे सगळे कुलकर्णी दप्तर सांभाळतात का? उलट म्युलर इतके झाले होते की इंग्लंडात गेल्यावर त्या माणसाने 'मॅक्स'सुद्धा आडनावाला जोडून टाकलं. आणि ऋग्वेदाच्या आवृत्तीवर स्वतःला 'मोक्षमूलर' म्हणवून घेतलं, ऑक्सफर्डचं 'गोतीर्थ' केलं. गिरणीवाल्याचा थेट मोक्ष! भारतात ते एकदाही आले नाहीत, बरं का. चार दिवससुद्धा नाहीत. पण 1898 मध्ये टिळकांच्या सुटकेसाठीच्या अर्जावर सही करायला ते त्यांना आड आलं नाही.

असो. लेखात दोन बदल केले आहेत. श्मिटबद्दल एक ओळ वाढवली, त्यासाठी तुमचे आभार. मॅक्स म्युलरच्या पूर्वजांच्या गिरणीचं वाक्य काढलं आहे. ते तुमच्यामुळे नाही, तो परिच्छेद तसाही लांबत होता.